दुसरी किल्ली

भाड्याने दिलेल्या घराची दुसरी किल्ली मालकाकडे असते आणि भाडेकरू कामावर गेल्यावर ती वापरणे हा आपला हक्कच आहे, अशी अनेक मालकांची प्रामाणिक समजूत असते. पुण्यात स्पर्धा परीक्षांसाठी आलेल्या मुली असोत की हिंजवडीत नोकरी करणारी तरुण मंडळी, 'सहज डोकावलो', 'नळ बघायला आलो होतो' हे खुलासे त्यांना अनोळखी नाहीत. घर माझे, मग परवानगी कोणाची, हा त्यामागचा युक्तिवाद. कायद्याला तो मान्य नाही, आणि ही कालपरवाची सुधारणाही नव्हे. 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 108ने भाडे भरणाऱ्याला विनाव्यत्यय वापराची हमी दिली. मालकाला पाहणीसाठी आत यायची मुभा दिली, पण वाजवी वेळी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 याचे कलम 28 आणखी स्पष्ट आहे: पाहणी करा, पण आधी कळवून.

इथे मालक लिव्ह अँड लायसन्सचा हुकमी पत्ता काढतात. अकरा महिन्यांच्या करारात राहणारा भाडेकरू नसतोच, त्याला फक्त वापराची परवानगी असते, कायदेशीर ताबा आमचाच, असे ते म्हणतात. लायसन्समुळे मिळकतीत हितसंबंध निर्माण होत नाही, हे खरेच आहे. पण कलम 28मध्ये भाड्याने दिलेल्या जागेबरोबर लायसन्सवर दिलेली जागाही आहे. ऑनलाइन नोंदणीच्या प्रमाणित मसुद्यातही मालकाने वाजवी सूचना देऊन पाहणीला यावे, असे कलम असते. म्हणजे ज्या करारावर मालकाने स्वतः बायोमेट्रिक अंगठा उठवला, तोच करार तो पुढे विसरतो. (करार वाचतो तरी कोण? एजंट बोट ठेवेल तिथे अंगठा, ही आपली रीत.)

जागा हातची जाईल, ही मालकांची भीती खोटी नाही. 1947च्या मुंबई भाडे कायद्याखाली गोठलेली भाडी आणि पिढ्यान्‌पिढ्या न सुटलेल्या जागा राज्यातल्या शहरांनी पाहिल्या आहेत. पण त्यावरचा उतारा 1999च्या कायद्यातच आहे. लायसन्सची मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याविरुद्ध कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि दुप्पट दराने भरपाई मागता येते. भाडेकरू जागा बळकावील, या धास्तीला एवढे हत्यार हाती असताना कपाट उघडून पाहण्याचे कारण उरत नाही. आधी कळवले तर भाडेकरू सगळे लपवील, हा दुसरा आक्षेप. पोटभाडेकरूचा संसार चोवीस तासांत लपत नाही आणि भिंतीला पाडलेले भगदाडही. पाइप फुटला, गॅसचा वास आला, तर प्रश्नच नाही. तेव्हा किल्ली वापरावीच.

खरी उणीव वेगळीच आहे. पाणी-वीज तोडणाऱ्या मालकाला कलम 29 तुरुंगवासाचा धाक दाखवते. न सांगता घरात शिरणाऱ्याचे काय, यावर कलम 28 गप्प आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 329मध्ये गृह-अतिक्रमणाला एक वर्षापर्यंत कैद आहे, पण त्यासाठी गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा, अपमानाचा किंवा त्रास देण्याचा हेतू सिद्ध करावा लागतो. 'नळ बघायला आलो' या तीन शब्दांपुढे तो हेतू सिद्ध करणार कसा? पोलीस ठाण्यात 'हा दिवाणी मामला आहे' असे ऐकून परतायचे, आणि अनामत रक्कम मालकाच्याच हातात. तक्रारी का होत नाहीत, हे यावरून कळते.

केंद्राने 2021 साली मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात मालकाने किमान 24 तास आधी लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक सूचना द्यावी, अशी तरतूद आहे. मात्र हा नमुना आहे. राज्याने कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही. पण विधिमंडळाची वाट पाहायचीही गरज नाही. प्रमाणित मसुद्यातल्या 'वाजवी' या सैल शब्दाच्या जागी '24 तास' टाकावेत, सूचनेत कारण लिहावे आणि प्रत्येक उल्लंघनाला ठरावीक रक्कम महिन्याच्या भाड्यातून वळती करण्याची मुभा द्यावी. सरकारला यासाठी मसुद्यातल्या दोन ओळी बदलाव्या लागतील. मालकाला मोबाइलवर एकच ओळ लिहावी लागेल: उद्या सकाळी अकराला नळ बघायला येतो, चालेल ना?