दोनशेत काय खेळणार?

आमच्या शनिवारच्या पोकरला ब्लाइंड पाच-दहाचे असतात आणि बहुतेक जण हजार घेऊन बसतात. गेल्या वर्षी नोकरी गेली तेव्हा चार महिने मी दोनशे घेऊन बसायचो. दर वेळी तेच ऐकायचो: "अरे, दोनशेत काय खेळणार? अजून घे, मी देतो. नंतर दे."

माझं भांडण या 'नंतर दे'शी आहे.

तुमच्यासमोर हजार आणि माझ्यासमोर दोनशे असतील, तर आपल्या दोघांच्या डावात तुमचेही दोनशेच. उरलेले आठशे शोभेला. एवढं साधं गणित ज्यांना जमत नाही, ते मला हसायचे. वर सल्ला, "संपत आलायस, मार ऑल-इन!" अहो, ही टूर्नामेंटची घाई. तिथं ब्लाइंड वाढत जातात. घरच्या कॅश गेममध्ये ते रात्रभर तेवढेच. एक फेरी नुसते पत्ते टाकत काढली तर पंधरा रुपये जातात, कटिंगचे पैसे.

पण चुकलो मीही. लाजेपोटी हजारवाल्यांसारखा खेळत राहिलो. हातात दुर्रीची जोडी, समोरून चाळीसची रेझ, की मी कॉल. फ्लॉपवर तिसरी दुर्री येणार साधारण साडेआठ वेळांतून एकदा. म्हणजे साडेसात वेळा चाळीस, तीनशे रुपये घालवायचे. आणि लागलीच, तर समोरच्याचे दोनशे आणि ब्लाइंडचे पंधरा, याहून जास्त मिळणार नाहीत. मागे हजार असतील तर हा जुगार परवडतो. एका रंगाच्या सत्ती-अठ्ठीचंही तेच.

उलट एक्का-राणी म्हणजे दोनशेत सोनं. चाळीस लावा, दोघं कॉल करतील, फ्लॉपवर राणी आली की उरलेले एकशेसाठ सरळ मध्ये. हजारवाल्याला त्याच पत्त्यांवर रिव्हरपर्यंत घाम फुटतो. ब्लफच्या फंदात मात्र पडू नये. आमच्याकडे कुणी पत्ते टाकतच नाही, "बघू तरी काय आहे" म्हणून कॉल करतात.

हे कळल्यावर मी हरायचा कमी झालो आणि 'बोअर' ठरलो. चालेल.

मागच्या शनिवारी टीममधला एक ज्युनिअर दोनशे घेऊन आला. साडेबारापर्यंत त्याच्यावर तेराशेची उधारी होती. त्यातले पाचशे मी दिले होते, 'नंतर दे' म्हणत.

या शनिवारी खेळ माझ्या घरी आहे. उधारी बंद. दोनशेवाल्यासाठी खुर्ची आहे.