उताराचे राजे

माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, सांभाळून घ्या.

रविवारी पहाटे आमच्या होस्टेलची गँग सायकलवर सिंहगडला जाते. परत आल्यावर मेसमध्ये पोहे राहतात बाजूला, आधी सगळ्यांचे मोबाइल बाहेर! स्ट्राव्हा उघडायचं आणि कोण किती सेकंदांनी पुढे ते ओरडून सांगायचं. या अ‍ॅपवर रस्त्याचे तुकडे आखलेले असतात, आणि तुकड्यावर सगळ्यात कमी वेळ लावणाऱ्याला मुकुट मिळतो. चढावर हे मलाही आवडतं. तिथे फुशारकीची किंमत म्हणजे फार तर दम लागणं.

पण उतारावर? मागच्या महिन्यात गड उतरताना मी ब्रेक जवळपास लावलेच नाहीत. ११ सेकंद वाचले. वळणावर एक मावशी दह्याची मडकी सावरत कडेला सरकल्या, हे मात्र मेसमध्ये सांगितलं नाही. २०१० साली अमेरिकेत बर्कलेला एक सायकलस्वार उतारावरचा असाच हुकलेला विक्रम परत मिळवायला गेला आणि अपघातात वारला.

अ‍ॅपमध्ये एखादा तुकडा धोकादायक म्हणून नोंदवता येतो. मग त्यावर मुकुट नाही की क्रमवारी नाही. गडाच्या उताराची तशी नोंद मी परवाच केली. माझे ११ सेकंदही त्यात गेले.

रूममेट पहिला होता. अजून बोलत नाहीये.