नेतन्याहू आणि मुंबईचा ई. मोझेस रोड: दोन्ही नावांत लपलेला ‘याहू’ काय आहे?

‘नेतन्याहू’ हे नाव बातम्यांत रोज येतं. हिब्रूत त्याचा अर्थ ‘देवाने दिलेला’. म्हणजे आपला देवदत्तच! शेवटचा ‘याहू’ हे देवाच्या नावाचं छोटं रूप. (शम्मी कपूरच्या ‘याहू’शी त्याचा संबंध नाही.)

हाच ‘याहू’ महालक्ष्मीहून वरळीला जाणाऱ्या ई. मोझेस रोडवरही आहे. यातला ‘ई’ म्हणजे एलिजा, मूळ हिब्रू एलियाहू. ‘एल’ म्हणजे देव, ‘एली’ म्हणजे माझा देव. पूर्ण अर्थ, ‘याहू हाच माझा देव’. हा रस्ता 1937-38 मध्ये मुंबईचे महापौर असलेल्या डॉ. एलिजा मोझेस यांच्या नावाचा. त्यांचं आडनाव? राजपूरकर!

काशीदचा बीच करून तुम्ही जंजिऱ्याला गेला असाल, तर होडी पकडायला राजपुरीच्या धक्क्यावर उभे राहिला असाल. हा सगळा किनारा बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यूंचा. चेऊलकर, किहीमकर, रोहेकर, दिवेकर ही आडनावं याच पट्ट्यातल्या गावांची. नवगावजवळ जहाज फुटून आपले पूर्वज इथे आले, असं हा समाज मानतो. तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं.

हिब्रू ग्रंथ हाताशी नसताना शतकानुशतकं टिकलेल्या मोजक्या गोष्टींत ही नावं होती. फक्त त्यांना ‘जी’ लागला. सॅम्युअलचा सामाजी झाला, इझिकेलचा हसाजी. 1796 मध्ये मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर म्हणजे सॅम्युअल इझिकेल दिवेकर. मशीद बंदरजवळची सॅम्युअल स्ट्रीट त्यांचीच आठवण.

एलियाहू मात्र नुसतं ठेवायचं नाव नाही. संदेष्टा एलियाहूचा रथ अलिबागजवळच्या खंडाळे गावातून स्वर्गात गेला, अशी इथली श्रद्धा आहे. तिथल्या खडकावर रथाच्या खुणा दाखवतात. नवस फेडायला ‘मलिदा’ करतात: पोहे, ओलं खोबरं, गूळ, वर फळं. जगातल्या इतर ज्यूंकडे हा प्रकार नाही. साहजिकच आहे, पोहे कोकणातले!

पण हेच वेगळेपण पुढे नडलं. 1948 नंतर बहुसंख्य कुटुंबं इस्रायलला गेली आणि तिथल्या धर्मपीठाने लग्नाच्या वेळी त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली. पिढ्यान्‌पिढ्या मोझेस, एलिजा नावं ठेवणाऱ्यांना वंशावळ विचारली गेली. मोठं आंदोलन झालं, तेव्हा कुठे 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं.

महाराष्ट्राने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला तो 2016 मध्ये. तोवर भारतात जेमतेम काही हजार उरले होते. अलिबागच्या इस्रायल आळीत सिनेगॉग आहे, रेवदंड्यातही आहे. तिकडे इस्रायलमध्ये ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघालं. एलियाहू हे नाव तिथे अगदी सर्रास. ‘जी’ मात्र कोकणातच राहिला.