मुदत गेली, जाब राहू द्या

अमेरिकेतल्या केम्ब्रिज शहरात, भर वस्तीत, एमआयटीची संशोधन अणुभट्टी आहे. १९५८ मध्ये सुरू झालेल्या या भट्टीच्या परवान्याच्या नूतनीकरणासाठी १९९९ मध्ये अर्ज गेला. मंजुरीला २०१० साल उजाडले.

अकरा वर्षे!

अर्ज वेळेत केल्याने जुन्या परवान्यावर भट्टी चालू राहिली. पण इतक्या रेंगाळलेल्या छाननीने सुरक्षितता वाढत नाही, फायली तेवढ्या जाडावतात.

अणुनियामक आयोगाने २०२४ मध्ये अशा बहुतेक भट्ट्यांच्या परवान्याची मुदतच रद्द केली. त्याऐवजी सुरक्षा अहवाल दर पाच वर्षांनी अद्ययावत करायचा. हा बदल योग्यच आहे. मात्र नूतनीकरणाच्या वेळी शेजारच्या नागरिकांना हरकत घेता येई, ती संधी हातची जाता कामा नये. आयोगाने प्रत्येक अहवालावर जाहीर सुनावणी घ्यावी.