पगचं नाक आणि मे महिना
2003 साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत लहान मुलाच्या मागेमागे धावणारा पग आला आणि शहरांतून पगच्या पिल्लांना मागणी वाढली. बहुतेकदा कुत्रा असाच निवडला जातो, डोळ्यांना आवडला म्हणून. मला याचं फार वाईट वाटतं. अंग थंड करायला कुत्र्याला धापच टाकावी लागते, आणि चपट्या नाकाच्या पगला नेमकं तेच आपल्या मे महिन्यात जड जातं. सायबेरियाच्या थंडीसाठी घडलेल्या हस्कीच्या दुहेरी केसांचं तर विचारूच नका. आपल्याकडे कारवानी जातीचा कुत्रा आहे की! लांब पाय, खोल छाती, आखूड केस. उन्हातान्हात सशामागे पळणारा. पण त्यालाही फ्लॅटमध्ये कोंडून ठेवू नका, रोज मोकळं रान मिळालं नाही तर तोही कुढतो.