फोटो काढण्याआधीच दिसायला हवा

निकाहात ‘कबूल है’ हे शब्द फोटोसाठी पुन्हा म्हणवून घेता येत नाहीत. चुकलेला क्षण कायमचा चुकला. म्हणूनच लग्नाच्या फोटोवर पोट असलेल्या आपल्याकडच्या फोटोग्राफरांनी आता मिररलेसकडे वळावं असं मला वाटतं. त्यातला इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर हे त्यामागचं मुख्य कारण.

कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या छटेचं धरून चालतो. नवरदेवाच्या पांढऱ्या शेरवानीने चौकट भरली की ती मळकट येते. काळे बुरखे जास्त आले की चेहरे पांढरेफटक पडतात. डीएसएलआरमध्ये लेन्समधला प्रकाश आरसा आणि प्रिझममधून डोळ्यापर्यंत येतो. त्यात दृश्य दिसतं, फोटो दिसत नाही. मग प्रत्येक फोटोनंतर मागच्या स्क्रीनवर नजर टाकायची, आणि तेवढ्यात पुढचा क्षण निसटतो.

इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर सेन्सरवरचं चित्रच दाखवतो. उजेड कमी-जास्त, मांडवातल्या दिव्यांचा पिवळेपणा, पांढऱ्या कापडाचा उडालेला तपशील, सगळं बटण दाबण्याआधी कळतं. जुन्या मॅन्युअल लेन्सवर फोकस कुठे बसला तेही रंगीत कडांवरून समजतं. आरसाच नसल्याने त्याचा खटका नाही. खुतब्याच्या वेळी आवाज न करता काम करता येतं.

आक्षेप खरे आहेत. बॅटरी लवकर संपते: प्रमाणित चाचणीत कॅननच्या ५डी मार्क ४ ला एका चार्जमध्ये सुमारे ९०० फोटो, तर ईओएस आर ला ३७० च्या आसपास. फ्लॅश वापरताना एक्स्पोजरची झलक बंद करावी लागते, नाहीतर व्ह्यूफाइंडरमध्ये अंधारच दिसतो. आणि २००८ साली पॅनासॉनिकचा जी१ आला, त्या काळातले व्ह्यूफाइंडर खरोखरच अडखळत. आज ती तक्रार फारशी उरलेली नाही.

तरीही कर्ज काढून सगळं एकदम बदलू नका. वापरलेली बॉडी घ्या, जुन्या लेन्स अ‍ॅडॉप्टरवर चालवा. मात्र निकॉनच्या जुन्या, बॉडीतल्या मोटरवर चालणाऱ्या लेन्सना निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरवर ऑटोफोकस मिळत नाही, हे आधी तपासा. जोडीला दोन बॅटऱ्या जास्त ठेवा.

अंदाज ही कला आहे, मान्य. पण ज्याच्या घरचं कार्य आहे, त्याला आपल्या अंदाजाशी देणंघेणं नसतं. त्याला त्याच्या लेकीचा चेहरा नीट आलेला हवा असतो.