सीमेवरचे दुकान आणि बिलावरचे गाव

लहान व्यापाऱ्याच्या हातून करासंबंधी ज्या चुका होतात, त्यांचे खापर बहुधा कर-सल्लागाराच्या, नाहीतर कायद्याच्या क्लिष्टतेच्या माथी फोडले जाते. कायदा क्लिष्ट आहे हे कोण नाकारील? तथापि तामसीसारख्या सीमेवरील गावचा व्यवहार जवळून पाहिला म्हणजे असे दिसते की, यांपैकी बहुतेक चुका सल्लागाराच्या कचेरीत होतच नाहीत. त्या दुकानाच्या गल्ल्यावर, गिऱ्हाईक समोर उभे असताना, बिल फाडण्याच्या दोन मिनिटांत होतात. सल्लागाराच्या हाती महिन्याअखेर येतात ते झाल्या गोष्टीचे कागद. सबब ‘तो पाहून घेईल’ या भरवशावर राहणाऱ्या आपल्या व्यापारी बंधूंशी या विषयावर थोडे स्पष्ट बोलणे आम्हांस आवश्यक वाटते.

तामसी हे आदिलाबाद जिल्ह्यातील मंडलाचे गाव. उत्तरेकडे पैनगंगा व तिच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा, पश्चिमेकडे नांदेड जिल्ह्यातील किनवट. बाजारहाट आणि सोयरीक यांना या मुलखात सीमा ठाऊक नाही. किनवट तालुका तर 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा किनवट मुंबई राज्यात गेला आणि आदिलाबाद आंध्र प्रदेशात. पुढे 2 जून 2014 पासून ते तेलंगणात आले. योगायोग असा की, पुनर्रचनेच्याच वर्षी, 1956 साली, केंद्रीय विक्रीकर कायदाही झाला. जी विक्री कालपर्यंत एका तालुक्यातून शेजारच्या तालुक्यात होत होती, ती कायद्याच्या दृष्टीने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणारी विक्री ठरली. 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर आला, विक्रीकराचे नाके उठले, आणि पुष्कळांची समजूत झाली की आता सीमाच उरली नाही. वस्तुतः ती नाक्यावरून उठून बिलावर येऊन बसली आहे.

समजा, किनवट तालुक्यातील एक शेतकरी तामसीस येऊन 60 हजार रुपयांचा विद्युत पंप विकत घेतो व आपल्याच गाडीत घालून नेतो. दुकानदार म्हणेल, माल माझ्या दुकानात दिला, पैसे येथेच घेतले, तेव्हा ही विक्री तेलंगणातलीच. 1 ऑक्टोबर 2023 पासून कायद्याने याचे उत्तर निराळे दिले आहे. नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकास माल विकला असता, बिलावर त्याचा पत्ता जेथला लिहिला असेल तेथे तो पुरवठा झाला असे धरावयाचे. पत्ता लिहिलाच नसेल तर विक्रेत्याच्या ठिकाणी. नुसते राज्याचे नाव लिहिले तरी पत्ता लिहिल्यासारखेच आहे. आणि ज्या बिलाची करपात्र किंमत 50 हजार वा अधिक, त्यावर तर गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता व राज्य लिहिणे सक्तीचे आहे. म्हणजे या पंपाच्या बिलावर किनवट लिहावेच लागते, आणि ते लिहिले की केंद्राचा अर्धा व राज्याचा अर्धा असा कर न लावता एकात्मिक कर लावावा लागतो.

सवयीने अर्धा-अर्धाच लावला तर? एकूण रक्कम तीच राहते, म्हणून ते कोणाच्या लक्षातही येत नाही. पुढे चूक उघडकीस आली म्हणजे एकात्मिक कर नव्याने भरावा लागतो, आणि आधी भरलेला कर परत मिळावा म्हणून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. अशा प्रकरणी व्याज आकारीत नाहीत, एवढी सवलत कायद्याने ठेवली आहे. पण परतावा हाती पडेपर्यंत दुकानदाराचे भांडवल अडकून पडते, त्याचे व्याज त्याला कोण देणार?

आपसमेळ योजनेत, जिला बाजारात ‘कॉम्पोझिशन’ म्हणतात, असलेल्या दुकानदाराची स्थिती याहून बिकट. दीड कोटीपर्यंत उलाढाल, व्यापाऱ्यास 1 टक्का कर, तीन महिन्यांनी एकदा भरणा. योजना सोयीची आहे यात शंका नाही. परंतु तिच्या दोन अटी गल्ल्यावर बसणाऱ्या मुलास बहुधा कोणी सांगितलेल्याच नसतात. गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घ्यावयाचा नाही आणि परराज्यात माल विकावयाचा नाही. परराज्यातील विक्रीचे एक बिल निघाले तरी योजनेचा हक्कच धोक्यात येतो. काही ‘हुशार’ मंडळी यावर तोड सुचवितात की, 60 हजारांच्या पंपाची 30-30 हजारांची दोन बिले करावीत. असा सल्ला देणाऱ्यास दुकानाची पायरी चढू देऊ नये, इतके कडक मत आम्ही येथे मुद्दाम नोंदवितो. अज्ञानाने झालेल्या चुकीस कायद्यात जी थोडीफार दया आहे, ती हेतुपुरस्सर केलेल्या लपवाछपवीस मुळीच नाही.

नोंदणीच्या मर्यादेबाबतही असाच घोळ आहे. 1 एप्रिल 2019 पासून महाराष्ट्रात मालाच्या व्यापाऱ्यास 40 लाखांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. तेलंगणाने मात्र आपली मर्यादा 20 लाखांवरच ठेवली. किनवटच्या मेव्हण्याचे ऐकून तामसीचा दुकानदार 35 लाखांवरही निश्चिंत राहतो, तो येथे फसतो. शिवाय उलाढाल मोजताना करमुक्त धान्याची विक्री बाहेर ठेवण्याची पद्धत पडली आहे, तीही चुकीची. करपात्र आणि करमुक्त दोन्ही विक्री एकत्र मोजावयाची, तीही एका पॅनखालील सर्व दुकानांची मिळून. आणि परराज्यात करपात्र माल विकावयाचा असेल तर उलाढाल पाच लाखांची असली तरी नोंदणी आधी हवी. सीमेवरील एकाच बाजारपेठेतील दोन दुकानदारांना दुप्पट अंतराची मापे लावणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. व्यापारी मंडळांनी हैदराबादेस निवेदने द्यावयाची तर या एका मागणीसाठी द्यावीत. जुन्या सवलतींच्या याद्या पुरे झाल्या.

आता कापूस. आदिलाबादची पेठ कापसावर उभी आहे, आणि सर्वांत महाग पडणारी चूक येथेच होते. शेतमाल म्हणजे करमुक्त, ही समजूत हाडीमाशी खिळलेली असते. परंतु 15 नोव्हेंबर 2017 पासून नोंदणीकृत व्यापाऱ्याने शेतकऱ्याकडून कच्चा कापूस घेतला, तर त्यावरील 5 टक्के कर खरेदीदारानेच सरकारात भरावयाचा आहे. यासच रिव्हर्स चार्ज म्हणतात. शेतकऱ्याकडून बिल मिळत नाही, म्हणून खरेदीचे बिल व्यापाऱ्याने स्वतःच तयार करावयाचे. 10 लाखांच्या कापसावर 50 हजार झाले. ही रक्कम जमेस असलेल्या वजावटीतून वळती करता येत नाही, रोख खात्यातूनच भरावी लागते. भरल्यावर तिची वजावट मिळते, तेव्हा अखेर खिशाला चाट लागत नाही. मग हा द्राविडी प्राणायाम कशासाठी, असे व्यापारी म्हणतो आणि सोडून देतो. वर्षभराने नोटीस येते, तेव्हा त्या 50 हजारांवर 18 टक्क्यांनी 9 हजार व्याज जाते, ते मात्र कायमचे. आपसमेळ योजनेतील व्यापाऱ्यास तर हा 5 टक्के कर भरूनही वजावट नाही. त्याने कापसाच्या खरेदीत पडण्यापूर्वी दहादा विचार करावा.

कापूस कोणाकडून घेतला, हा प्रश्न आयकरातही पुन्हा उभा राहतो. धंद्याच्या खर्चापोटी एका व्यक्तीस एका दिवसात 10 हजारांपेक्षा अधिक रोख दिले तर तो खर्च मान्य होत नाही. शेतकऱ्यास त्याच्या पिकाची किंमत रोख दिली तर ही अट लागू नाही. पण तोच कापूस गावातील मध्यस्थाने गोळा करून आणला व त्यास रोख दिले, तर सवलत गेली, कारण मध्यस्थ म्हणजे पिकविणारा नव्हे. खरेदीच्या पावतीवर शेतकऱ्याचे नाव व गाव लिहून सही किंवा अंगठा घेण्याचा कंटाळा येथे हजारो रुपयांना पडतो.

हातउसन्या रकमांविषयी आपल्या व्यापारी समाजात बोलणे थोडे नाजूक आहे. शब्दावर पैसे देणे-घेणे ही आपली जुनी पत, आणि तिचा अभिमान रास्तच आहे. तथापि 20 हजार किंवा अधिक रक्कम रोख कर्जाऊ घेणे वा रोखीने फेडणे यास आयकर कायद्यात मनाई असून, दंड रकमेइतकाच होऊ शकतो. मामाकडून हंगामापुरते घेतलेले दोन लाख, व्याज नाही, कागद नाही, तरीही ते कर्जच. एका व्यवहारात 2 लाख वा अधिक रोख स्वीकारण्याचेही तसेच. पैसे घरातल्या माणसाकडून घ्यावेत, पण बँकेतून घ्यावेत. शब्द तसाच राहतो.

उधारीची मुदतही अशीच नडते. नागपूरच्या वा हैदराबादच्या पेढीचे बिल 180 दिवसांत चुकते केले नाही, तर त्यावरील कराची घेतलेली वजावट व्याजासह परत करावी लागते. पैसे दिल्यावर ती पुन्हा मिळते, व्याज मिळत नाही. आणि पुरवठादाराने आपले विवरण भरून ते बिल दाखविले नसेल, तर आपण कर दिलेला असूनही वजावट नाही. मागच्या आर्थिक वर्षाच्या बिलांची वजावट घेण्याची अखेरची तारीख 30 नोव्हेंबर. वार्षिक विवरण त्याआधी भरले तर ती त्याच दिवशी संपते. दिवाळी ते दिवाळी हिशेब धरण्याची मुभा आयकरात 1989 पासून राहिलेली नाही, तरी वहीपूजन आपण दिवाळीसच करतो, आणि ते या तारखेच्या थोडेच आधी येते. त्या दिवसांत वह्या काढल्याच आहेत, तर मागील वर्षाची खरेदीची बिले पोर्टलवरील नोंदींशी एकेक करून ताडून पाहावीत, आणि ज्या पुरवठादाराचे बिल तेथे दिसत नाही त्यास त्याच दिवशी फोन करून, पाठोपाठ पत्रही टाकावे.